उत्तरेकडची जागा

क्लिफर्ड लार्टरनं नॉर्फक जिल्ह्यातली सहाशे अकरा जुनी चर्चं आतून-बाहेरून पाहिली होती आणि त्यांपैकी एकातही तो प्रार्थना करायला म्हणून गेला नव्हता. देवाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. देव म्हणजे घरमालक. बांधकाम नीट बघायचं तर मालक घरी नसलेला बरा, इतकंच त्याचं म्हणणं.

पोटापाण्यासाठी तो विजेचे मीटर वाचत असे. छत्तीस वर्षं वाचले. लोक जिन्याखालचं कपाट उघडून देत, तो रबरी बूट, झाडू आणि कुणा मेलेल्या आजोबांच्या काठ्या बाजूला सारून बॅटरीच्या उजेडात आकडा टिपून घेई आणि दुपारच्या सुटीत त्या गावचं चर्च गाठे. किल्ली कुठे मिळेल हे त्याला गावागणिक पाठ होतं. कुठे ती दारातल्या तिसऱ्या कुंडीखाली असे, कुठे टपालवाल्या बाईकडे, कुठे शेजारच्या शेतघरात, जिथे कुत्रं असे आणि ते कधीही बांधलेलं नसे.

कंपनीनं बाद केलेल्या मीटरवह्या तो घरी आणी. त्यांत तीन रकाने छापलेले असत: मागचं वाचन, आताचं वाचन, फरक. पहिल्या रकान्यात चर्चचं माहितीपत्रक काय म्हणतं ते तो लिही. दुसऱ्यात त्याला स्वतःला काय दिसलं ते. आणि तिसरा रकाना भरताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते त्याच्या बायकोनं, एनिडनं, लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

दाराजवळच्या अभिप्रायवहीत लोक लिहीत, ‘फार शांत वाटलं.’ त्याखाली क्लिफर्डचं अक्षर: ‘बाप्तिस्म्याचं कुंड पत्रकात म्हटलंय तितकं जुनं नाही. निदान साठ वर्षं अलीकडचं आहे. पत्रक सुधारावं. — सी. लार्टर, लिटल थर्नली.’ त्याची व्हॅन फाटकाशी दिसली की काही गावांत वहीचं पेन आधी काढून ठेवत, असं सांगतात. तो स्वतःचं पेन बाळगून असे.

शनिवारी एनिड बरोबर असे. बरोबर म्हणजे गाडीत. मांडीवर विणकाम, पायाशी चहाचा थर्मास, मागच्या सीटवर अंड्याची सँडविचेस.

“दहा मिनिटं,” तो उतरताना म्हणे.

“घड्याळाची की तुझी?” ती सुई न थांबवता विचारी.

त्याची दहा मिनिटं सव्वा तासाची असत. परत येऊन तो गाडीत बसला की मनोऱ्याची उंची, खांबांची घडण, कुठल्या अडाण्यानं कुठल्या बाकाला वॉर्निश फासलंय, हे सगळं सांगे. ती “हं” म्हणे आणि त्याच्या हातात सँडविच देई. तोंड भरलं की माणसाला बोलता येत नाही, एवढं शास्त्र तिला येत होतं.

लिटल थर्नली हे त्यांचं स्वतःचं गाव, आणि तिथलं सेंट बोटॉल्फ चर्च हे सहाशे अकरांतलं सगळ्यात फाटकं. गारगोटीच्या भिंती, अर्ध्यावर कोसळलेला गोल मनोरा, आत बघण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट होती आणि तीही चर्चमध्ये नव्हती, कागदावर होती. सव्वासहाशे वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात ओळ होती: ‘थर्नलीच्या चर्चला लागून कोंडून राहिलेल्या एमाला एक पोतं बार्ली.’

त्या काळी अशा जोगिणी असत. चर्चच्या भिंतीला चिकटून खोली बांधायची, बाईनं आत जायचं, बिशपनं तिच्यावर मेलेल्या माणसाचे विधी करायचे आणि दार चिणून टाकायचं. एका झरोक्यातून जेवण आत येई, दुसऱ्यातून वेदी दिसे. मरेपर्यंत तिनं तिथेच जप करत राहायचं. थर्नलीच्या एमाची खोली कुठे होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. क्लिफर्ड तीस वर्षं ती शोधत होता. गावात तिला ‘क्लिफर्डची जोगीण’ म्हणत.

“तिचं बरंय,” एनिड म्हणे. “सहाशे वर्षं हरवलीय म्हणून तू शोधतोस. मी मेली रोज समोर, म्हणून दिसत नाही.”

मग एका फेब्रुवारीत एनिडला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ती चार मैलांवरच्या स्टॉडनच्या इस्पितळात होती. नवव्या दिवशी श्वास जरा बरा होता, तेव्हा तिनं त्याला जवळ बोलावलं.

“मला गावातच ठेव. आणि तू माझ्या शेजारी ये हं, क्लिफ. दुसरीकडे कुठे भरकटू नकोस.”

“येईन.”

“पण नेहमीसारखा ये. दहा मिनिटं सांग आणि तास लाव.”

मूलबाळ नव्हतं. क्लिफर्डनं आयुष्यात बायकोला दिलेली वचनं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि त्यांतलं हे एकच त्यानं मनापासून दिलेलं होतं.

थर्नलीच्या चर्चच्या आवारात दक्षिणेकडची जागा केव्हाच भरून गेली होती. उत्तरेकडे पूर्वी कुणी पुरून घेत नसे. ती बाजू सैतानाची, तिथे नदीत जीव दिलेले आणि बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं, असा रिवाज. आता जागेची टंचाई इतकी की सैतानालाही सरकून बसावं लागलं होतं. सिड अटिंग नावाचा कबरी खणणारा होता, क्लिफर्डच्या शाळेतला, त्याच्याच बाकावरचा. दफनाच्या सकाळी तो फावडं खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला.

“क्लिफ, लेका, घोळ झालाय. चार फुटांवर दगड लागलाय. पहार घातली तरी हलत नाही. मी तुम्हा दोघांना एकावर एक बसवणार होतो, तर आता एकच मजला.”

“मग?”

“मग काय? ती तिथे, तू तिच्या डाव्या अंगाला. उजवं अंग हिल्डाबाईंना दिलंय. त्यांनी काल येऊन दम भरला मला.”

हिल्डा गूच ही एनिडची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं. करण्यालायक कुणी सापडला नाही, असं ती सांगे, आणि ते सांगताना क्लिफर्डकडे बघे.

“कुठे लिहून वगैरे द्यायचं का?” क्लिफर्डनं विचारलं.

“लिहायचं काय त्यात? सगळ्या गावाला माहीत आहे.”

थर्नलीत असंच चाले. कोणाची खुर्ची कुठली, कोणाचा खुंट कुठला, कोणाची कबर कुठली, हे सगळं गावाला माहीत असे. कागद फक्त परक्यांसाठी.

दुपारी पेटी खाली गेली. रेक्टर जिलियनबाई, ज्यांच्या अंगावर सात गावांची चर्चं होती आणि एकच गाडी, त्या उशिरा आल्या होत्या आणि लवकर जायच्या होत्या. त्या ‘मातीला माती’ म्हणत असताना क्लिफर्ड कबरीच्या काठाशी गुडघ्यांवर बसला आणि पुढे वाकला. लोकांनी माना खाली घातल्या. गडी शेवटी कोसळला, असं सगळ्यांना वाटलं. फक्त हिल्डा दोन पावलांवर उभी होती आणि तिला नीट दिसलं. तो कबरीच्या बाजूच्या मातीतून डोकावणाऱ्या दगडावर हात ठेवून वितीनं मोजत होता.

या जिल्ह्यात घडीव दगड निघत नाही. इथे मिळते ती गारगोटी. घडीव दगड सगळा बाहेरून, होडीतून आलेला, आणि असा दगड कुणी उगाच जमिनीत गाडत नाही. इथे तर कड तासलेला दगड, चर्चच्या भिंतीला काटकोनात, वेदीच्या बाजूला, उत्तरेला. तीस वर्षं त्याच्या वह्यांत जिथे प्रश्नचिन्ह होतं, तिथे त्याची बायको निजली होती.

फुलं सुकायच्या आत त्यानं लेख लिहिला. स्टॉडन इतिहास मंडळाच्या अंकात तो छापून आला, पहिल्या पानापासून. मंडळानं जिल्ह्याच्या पुरातत्त्व कचेरीला कळवलं. कचेरीतून दोन तरुण मुली जमिनीखालचं दाखवणारं, हातगाडीसारखं यंत्र घेऊन आल्या, आवारात गवतावरून ते फिरवलं, आणि यंत्रानं खरंच एक चौकोन दाखवला. आठ फूट बाय दहा. ईशान्येचा कोपरा जरा तिरका होता. त्या तिरक्या कोपऱ्यावर क्लिफर्डनं पुढच्या अंकात दोन पानं लिहिली: जोगिणीला गुडघे टेकल्या जागेवरून वेदी दिसावी म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला होता. हे वाचून नॉरिचच्या एका बाईंना रडू आलं आणि तसं त्यांनी पत्रानं कळवलं.

वर्षभरात थर्नलीचं नाव झालं. छपराला मदत मंजूर झाली. दर गुरुवारी बाहेरगावच्या बायका येऊन उत्तरेच्या भिंतीशी घडीच्या खुर्च्यांवर अर्धा तास गप्प बसू लागल्या. सुगीच्या सणाच्या गावजेवणात मंडळाचे अध्यक्ष डडली क्रेन, निवृत्त दंतवैद्य, यांनी क्लिफर्डला काचेचं मानचिन्ह दिलं आणि कचेरीचा हुकूम सर्वांसमोर वाचून दाखवला. चर्चच्या उत्तरेचा सबंध पट्टा संरक्षित. कोणत्याही कारणासाठी, कितीही खोलीचं खोदकाम करण्यास मनाई. टाळ्या पडल्या. क्लिफर्डनंही वाजवल्या.

सिडनं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्या हातात सॉसेज रोल होता.

“क्लिफ, एक सांग,” तो तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. “मग तुला कुठे टाकायचं?”

शेजारी हिल्डा बसली होती. तिनं सुरी ताटात ठेवली.

“आणि मला?” ती म्हणाली.

क्लिफर्डनं दुसऱ्या दिवशी कचेरीला पत्र धाडलं. उलट टपाली नाही, पण सात आठवड्यांनी उत्तर आलं, सभ्य आणि स्पष्ट. अपवाद करता येत नाही. राख पुरायची म्हटली तरी वीतभर खड्डा लागतो आणि वीतभर खड्डा हेही खोदकामच. दिवंगत श्रीमती लार्टर यांना अन्यत्र हलवण्याचा प्रश्नही त्याच कारणानं उद्भवत नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘या स्थळाचं महत्त्व आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?’

त्यानं सिडला विचारलं, की गुपचूप नाही का जमायचं.

“तू मेल्यावर मी गुपचूप खणू?” सिड म्हणाला. “त्या गुरुवारच्या बायका दर खेपेला फोटो काढतात गवताचे. एक पातं हललं तरी कचेरीला फोन. आणि मी तुझ्याहून दोन महिन्यांनी मोठा आहे, लेका. कोण कुणाला पुरतोय ते ठरायचंय अजून.”

पुढची तीन वर्षं क्लिफर्ड रोज सकाळी एनिडच्या कबरीशी जाऊन उभा राही. कबरीवर दगड लावायचीही परवानगी नव्हती. दगडाला पाया लागतो. एक लाकडी क्रॉस होता, मातीत खुपसलेला, हुकूम निघायच्या आधीचा. त्याच्या डाव्या बाजूचा गवताचा पट्टा सहा फूट लांब, अडीच फूट रुंद होता. तो त्यानं मोजून ठेवला होता. त्याच्या एका टोकाला कचेरीनं फलक उभा केला होता आणि त्यावर एमाचं चित्र होतं, हात जोडलेलं, कल्पनेनं काढलेलं. चित्रकारानं नाक कुणाचं घेतलं होतं देव जाणे, पण गावात म्हणत की हिल्डासारखं आहे.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो थर्नलीच्या ऑर्गनची तारीख तपासायला म्हणून नॉरिचच्या दफ्तरखान्यात गेला. जुन्या रेक्टरची, ऑगस्टस फेन यांची, रोजनिशी तिथे होती. ती अजून कुणी उघडली नव्हती, कारण रेव्हरंड फेन हे स्वतःच्या पोटाच्या तक्रारींखेरीज फारसं काही लिहीत नसत. ऑर्गनची तारीख मिळाली. त्याच्या पुढच्याच पानावर, साल अठराशे सदुसष्ट:

‘मंगळवार. चर्चच्या उत्तरेस कोळशाची खोली पुरी झाली. नव्या शेगडीची सोय झाली. पडलेल्या पोर्चचे घडीव दगड खोलीच्या पायाला घातले. आठ फूट बाय दहा. गवंडी प्यालेला होता, त्यामुळे ईशान्येचा कोपरा तिरका आला आहे. रात्री पोट बरं नाही.’

दफ्तरखान्यात पेन चालत नाही, पेन्सिल वापरावी लागते. क्लिफर्डनं पेन्सिलीनं ओळ न् ओळ उतरवून घेतली. मग मीटरवही काढली, थर्नलीचं पान उघडलं. मागचं वाचन: जोगिणीची खोली. आताचं वाचन: कोळशाची खोली. तिसऱ्या रकान्यावर पेन्सिल ठेवून तो बंद व्हायची घंटा होईपर्यंत बसून राहिला.

परतीच्या बसमध्ये त्याचं डोकं चालू होतं. हे गप्प ठेवलं तर तो एमाचा शोध लावणारा माणूस म्हणून मरणार होता, चार मैलांवर, स्टॉडनच्या परक्या मातीत. सांगितलं तर बावळट म्हणून मरणार, पण एनिडच्या डाव्या अंगाला. पन्नास वर्षं त्यानं सत्य सांगितलं ते दुसऱ्यांच्या चुकांबद्दल, आणि त्यात त्याला कधी काही मिळालं नव्हतं. सत्य आणि त्याची सोय एकाच बाजूला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याला त्या सत्याचाच संशय येऊ लागला. स्टॉडन येईपर्यंत त्यानं ठरवलं. सांगायचं.

जिलियनबाई चर्चच्या मागच्या खोलीत कप विसळत होत्या. त्यांनी रोजनिशीची नक्कल वाचली, हात पुसले, पुन्हा वाचली.

“क्लिफर्ड, तुम्ही खूप सोसलंय,” त्या म्हणाल्या.

“त्याचा इथे काय संबंध? ही कोळशाची खोली आहे, बाई.”

“लोक तिथे बसतात ना, त्यांना काहीतरी मिळतं. गेल्या गुरुवारी एक बाई मला म्हणाली, एमा माझ्याशी बोलली.”

“तिच्याशी कोळसा बोललाय.”

“कोळसा तर कोळसा. बरं वाटलं ना तिला?” त्यांनी कप पालथा घातला. “अर्धं छप्पर झालंय. उरलेलं एमाच्या नावावर यायचंय. आता तुम्ही म्हणता एमा नव्हतीच.”

“एमा होती. इथे नव्हती.”

“मग कुठे होती?”

“ते माहीत नाही.”

“बघा,” जिलियनबाई म्हणाल्या, जणू त्यांचाच मुद्दा सिद्ध झाला होता, आणि गाडीची किल्ली शोधू लागल्या.

मंडळाच्या बैठकीत डडली क्रेननं त्याला दहा मिनिटं दिली. ही दहा मिनिटं घड्याळाची होती. मग क्रेन उठला. तो मनाचा वाईट नव्हता. दात उपटतानाही तो पेशंटशी फार गोड बोलत असे.

“आपले मित्र लार्टर यांचा काटेकोरपणा आपण जाणतोच. पण एका रोजनिशीवर किती भिस्त ठेवायची? कोळशाची खोली बांधली असेलही. प्रश्न असा, की ती कशावर बांधली? जुना पाया तयार असताना कोणता गवंडी नवा खणेल, त्यातून प्यालेला?”

लोक हसले. क्लिफर्ड हसला नाही, कारण हा युक्तिवाद त्याचाच होता. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या एका शिक्षकानं तिथल्या मनोऱ्याबद्दल शंका काढली होती, तेव्हा याच खोलीत, याच शब्दांत त्यानं त्या बिचाऱ्याला खाली बसवलं होतं. क्रेन तेव्हा नवा सभासद होता आणि टिपणं घेत होता.

“मग खणून बघा,” क्लिफर्ड म्हणाला.

“खणायला मनाई आहे,” क्रेन म्हणाला.

“मनाई का आहे?”

“खाली जोगिणीची खोली आहे म्हणून.”

कचेरीनं या वेळी पाच आठवड्यांतच उत्तर दिलं. आपलं टिपण मूळ लेखासोबत फायलीत लावण्यात आलं आहे. मूळ लेख सर्व दृष्टींनी भक्कम असून त्यातल्या मोजमापांत कोणतीही त्रुटी आढळत नाही.

त्या रविवारी तो हिल्डाकडे गेला. ती स्टॉडनला, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांत राहायची. तिनं कोंबडी भाजली होती आणि ती जरा जास्तच भाजली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं: रोजनिशी, पोर्चचे दगड, प्यालेला गवंडी. हिल्डानं शांतपणे ऐकून घेतलं. ती शांत असली की क्लिफर्डला धडकी भरे.

“म्हणजे तिथे काहीच नव्हतं,” ती म्हणाली.

“कोळसा होता.”

“माझ्या बहिणीच्या शेजारी मला निजायचं होतं. चार बोटं जागा लागते मला. ती तू कोळशाला दिलीस.”

“मला काय ठाऊक होतं?”

“तुला काय ठाऊक नव्हतं? सबंध जिल्ह्याला तू पन्नास वर्षं सांगत आलास की तुम्हाला ठाऊक नाही.” तिनं त्याच्या ताटात बटाटे वाढले, जोरात. “पेटी खाली जात होती रे. माझी बहीण खाली जात होती. आणि तू मोजत होतास. मी बघितलं. मी कुणाला बोलले नाही, आज बोलते.”

क्लिफर्डनं काट्यानं एक बटाटा फोडला.

“मला वाटलं, तिला आनंद होईल,” तो म्हणाला. “तिनंच शोधून दिल्यासारखं झालं होतं ते.”

“तिला?” हिल्डा हसली. तिचं हसणं खोकल्यासारखं होतं. “तिला चर्चं आवडायची असं वाटतं तुला? तिला गाडी आवडायची. तू आत गेलास की ती सीट मागे पाडायची, रेडिओ लावायची आणि पाय वर घेऊन पडून राहायची. मला म्हणाली होती, हिल्डा, आठवड्यातला तेवढाच वेळ माझा. देव करो आणि त्याला मोठं चर्च मिळो.”

“विणकाम करत असायची,” क्लिफर्ड म्हणाला.

“तू येताना दिसलास की सुया घ्यायची हातात.”

तो घरी जाऊन कपाटातले तिनं विणलेले स्वेटर बघणार होता, पन्नास वर्षांत एकूण किती विणले गेले ते मोजणार होता. घरी गेल्यावर त्यानं कपाट उघडलंच नाही.

वसंतात डॉक्टरनं त्याच्या छातीला कान लावून नको तितका वेळ ऐकलं, आणि मग विचारलं की घरी कोण असतं. त्यानंतरच्या सोमवारी क्लिफर्ड स्टॉडनच्या नगरपालिकेत गेला. तिथली दफनभूमी बाहेरच्या रस्त्याला लागून, टायरच्या दुकानामागे आहे. तिच्यात चर्च नाही, मनोरा नाही, एकही दगड चाळीस वर्षांपेक्षा जुना नाही. बघण्यासारखं तिथे काहीच नाही, हे त्यानं दोन मिनिटांत बघून घेतलं होतं.

खिडकीमागच्या मुलीनं नकाशा पुढे सरकवला.

“सध्या एकच रांग उघडलीय. पुढची रांग पावसाळी पाण्याचा निचरा झाल्यावर, दोन-तीन वर्षांनी. तुम्हाला घाई आहे का?”

“थोडी,” क्लिफर्ड म्हणाला.

“मग ही एकोणीस नंबरची घ्या. याच्या पुढे सगळ्या जोडप्यांनी जोडीनं घेतल्यात. तुम्ही एकटेच ना?”

“एकटाच.”

“बरं पडेल. अठरामध्येही एकट्याच आहेत एक. शुक्रवारीच घेतली त्यांनी.” तिनं वहीत बोट फिरवलं. “मिस हिल्डा गूच. ओळखता का?”

क्लिफर्डनं नकाशा उलटा करून पाहिला, जणू त्या बाजूनं काही वेगळं दिसेल.

“मेहुणी,” तो म्हणाला.

“अय्या, मग छानच झालं! घरचंच माणूस.”

त्यानं मुलीच्याच फोनवरून हिल्डाला फोन लावला.

“अठरा नंबर सोड,” तो म्हणाला.

“का सोडू? मी आधी घेतलाय. तू एकोणीस सोड.”

“एकोणीस एकच उरलाय.”

“मग मरू नकोस तीन वर्षं.” मागे तिचं घड्याळ वाजत होतं. “मला तरी हौस आहे का रे, तुझ्या शेजारी? पण आता ऐंशी पार केली मी. पाण्याचा निचरा व्हायची वाट बघत बसू?”

तिनं फोन ठेवला. खिडकीमागची मुलगी अर्ज भरायला मदत करू लागली. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, तिनं समजावलं. म्हणजे मिस गूच तुमच्या उजव्या हाताला येतात. क्लिफर्डनं मनातल्या मनात आडवं होऊन पाहिलं. तो हिल्डाच्या डाव्या अंगाला येत होता. हिल्डाचा डावा कान गेल्या हिवाळ्यापासून पार गेलेला होता. म्हणजे त्याचं तिला काहीही ऐकू जाणार नव्हतं. त्याचे दोन्ही कान मात्र शाबूत होते.

त्यानं स्वतःचं पेन काढलं आणि सही केली.